बोअर केल्यावर गाडी किती सीसीची?

"ब्लॉक बोअर केला, आता गाडी जोरात पळेल," असे सांगून कुणी जादा पैसे मागितले तर आधी हिशेब करा. ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरचे घ्या. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५. व्यासाला व्यासाने गुणा, मग ०.७८५४ ने, मग धावेने, हजाराने भागा. झाले ९७.२.

अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला की व्यास ५०.५ होतो. (५१ धरू नका, इथेच पुष्कळजण चुकतात, अर्धा मिलिमीटर पूर्ण व्यासात वाढतो.) धाव तीच. उत्तर ९९.१. दोन सीसीसुद्धा वाढले नाहीत! झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल होतो, धूर आणि ऑइल पिणे थांबते, फायदा तो. पिस्टन मात्र आधी आणा. बोअर त्याच्याच मापाने करून घ्या.