तीस मैलांचे वर्तुळ : पनवेल आणि मुंबईची नभोवाणी

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपकाची, म्हणजे ध्वनिसंदेश विद्युत्‌चुंबकीय लहरींवर स्वार करून अवकाशात सोडणाऱ्या यंत्राची, शक्ती अवघी दीड किलोवॅट होती आणि त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे ३० मैल मानला जात असे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील पनवेल मुंबईच्या कोटापासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर, म्हणजे या वर्तुळाच्या पुष्कळ आत होते. मध्यम लहरी जमिनीलगत प्रवास करतात आणि खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने त्यावरून त्या कमी क्षीण होतात. म्हणून मधली खाडी, जी प्रवाशाला अडसर वाटे, ती या लहरींना साहाय्यकच होती. मात्र वर्तुळात असणे म्हणजे ऐकणे नव्हे. वर्षाला १० रुपये परवाना शुल्क आणि त्याहून कितीतरी महाग रेडिओयंत्र यांमुळे देशभरातील परवानाधारक काही हजारांपलीकडे गेले नाहीत, कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि त्याच वर्षी सरकारने सेवा आपल्याकडे घेतली.

पुढे यंत्रे घरोघरी येऊ लागली, तेव्हा अडथळा अंतराचा वा पैशाचा नव्हे, तर धोरणाचा ठरला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी शास्त्रीय संगीताला अग्रस्थान देताना चित्रपटगीतांना आकाशवाणीवर फारच थोडी जागा ठेवली. शास्त्रीय संगीताला त्यातून मिळालेला आधार मोलाचा होता, परंतु श्रोत्यांची आवड हुकमाने बदलत नाही. त्याच वर्षी कोलंबोहून लघुलहरींवर प्रसारण करणाऱ्या रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परावर्तित होऊन दूरवर उतरतात. त्यामुळे शेजारच्या मुंबई केंद्रावर जे हिंदी गीत क्वचित लागे, ते सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या कोलंबोहून कोकणपट्टीत पोहोचू शकत होते.

याला आकाशवाणीचे खरे उत्तर निर्बंधांत नव्हते, निर्मितीत होते. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित केलेल्या, ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेल्या आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांनी ते सिद्ध केले. चित्रपटगीतांसाठी मात्र श्रोत्यांना आणखी थांबावे लागले : आकाशवाणीची विविध भारती ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली.