‘दर दहा मिनिटांनी’ म्हणजे नेमकं कधी? मोटारीच्या ऑटोस्विचपासून मोबाइल अ‍ॅपपर्यंत

भोर-वेल्ह्याकडच्या नदीकाठच्या गावात शेतीपंपाचा विषय काढा, पहिला प्रश्न हाच येणार: “या आठवड्यात लाइट दिवसाची का रात्रीची?” शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज ठरलेल्या तासांपुरतीच असते आणि पाळी बदलत राहते. रात्रीच्या पाळीत गुंजवणीच्या नाहीतर नीरेच्या काठावर, अंधारात बॅटरी घेऊन स्टार्टरपर्यंत कोण जाणार? साप-विंचवाची भीती वेगळीच. म्हणून पेटीत ऑटोस्विच बसवतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी निवांत.

एका मोटारीचा विचार केला तर हे झकास आहे. घोटाळा होतो तो सगळ्यांनीच ऑटोस्विच बसवल्यावर.

जरा हिशोब करू. 5 एचपीची मोटार चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. 63 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर साधारण 84 अँपिअर देऊ शकतो. म्हणजे दहा मोटारींचे 75 अँपिअर तो आरामात ओढतो. पण मोटार सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट खेचते. दहाही मोटारी एकाच सेकंदाला सुरू झाल्या तर मागणी जाते साडेचारशेच्या घरात! व्होल्टेज पडतं, मोटारी नीट वेग घेत नाहीत, फ्यूज उडतो, आणि असं रोज झालं की एक दिवस ट्रान्सफॉर्मरच जळतो. मग दुसरा येऊन बसेपर्यंत त्या डीपीवरच्या सगळ्यांचा गहू-कांदा पाण्यावाचून उभा. महावितरण “ऑटोस्विच काढा” म्हणून पुन्हा पुन्हा सांगतं ते यासाठीच.

यात चूक कोणाची? तसं पाहिलं तर कोणाचीच नाही. प्रत्येक पेटीने आपलं काम बरोबर केलं. फक्त सगळ्यांनी एकाच क्षणाची वाट पाहिली.

आता मोबाइलकडे या. टॉवर बंद पडून परत चालू झाला की परिसरातले सगळे फोन एकदम सर्व्हरचं दार ठोठावतात. एखाद्या अ‍ॅपने “रोज रात्री 12 वाजता बॅकअप घे” असं ठरवलं असेल तर लाखो फोन बाराच्या ठोक्याला धावतात. सर्व्हर म्हणजे इथला ट्रान्सफॉर्मर. यावर प्रोग्रामरचा उपाय साधा आहे: ठरलेल्या वेळेत थोडा रँडम उशीर मिसळायचा. कोणी 12:03 ला, कोणी 12:41 ला. याला जिटर म्हणतात. बऱ्याच ऑटोस्विचमध्येही वीज आल्यानंतर किती वेळाने मोटार सुरू करायची ते ठरवता येतं. एका डीपीवरच्या दहा जणांनी बसून ती वेळ वेगवेगळी ठेवली, तर तोच जिटर झाला. बहुतेक ठिकाणी ते सेटिंग मेकॅनिकने बसवलं तसंच राहतं, हा भाग वेगळा.

बरं, “नंतर कर” हे काम प्रोग्राम लक्षात कसं ठेवतो? शिकाऊ माणूस आधी काय करतो, तर प्रत्येक कामासाठी एक थ्रेड उघडतो आणि त्याला झोपवून ठेवतो. म्हणजे दहा मोटारींसाठी दहा गडी लावायचे, आणि त्यांनी आठ तास नुसतं घड्याळाकडे बघत बसायचं. हजार कामं असली की मेमरी संपलीच. शेड्युलर असं करत नाही. तो एकच यादी ठेवतो, सगळ्यात लवकरचं काम सगळ्यात वर. फक्त वरच्या कामाची वेळ होईपर्यंत थांबायचं, वेळ झाली की मोकळ्या थ्रेडकडे ते सोपवायचं. जावामध्ये 2004 च्या पाचव्या आवृत्तीपासून ही सोय तयार मिळते. मात्र सगळे थ्रेड कामात अडकले असतील तर वेळ झालेलं कामही रांगेत थांबतं. म्हणून “दहा मिनिटांनी” याचा खरा अर्थ “दहा मिनिटांच्या आधी नाही” एवढाच.

आता गंमत पुढे आहे. “दर दहा मिनिटांनी” यातली दहा मिनिटं कुठून मोजायची?

नसरापूरहून वेल्ह्याला जायचं असेल तर एसटी आहे आणि वडापची जीपही आहे. एसटीला वेळापत्रक असतं. मागची फेरी लांबली म्हणून पुढच्या फेरीची वेळ बदलत नाही, ती गाडी उशिरात असते. जीपवाला एक फेरी संपवतो, चहा पितो, मग पुढची काढतो. प्रोग्रामिंगमध्ये पहिल्याला फिक्स्ड रेट म्हणतात, दुसऱ्याला फिक्स्ड डिले.

समजा, काम 10:00 ला सुरू झालं आणि नेट अडकल्यामुळे 10:25 पर्यंत चाललं. फिक्स्ड डिलेमध्ये पुढचं काम 10:35 ला. फिक्स्ड रेटमध्ये 10:10 आणि 10:20 च्या फेऱ्या थकलेल्या असतात, म्हणून 10:25 लाच पुढची फेरी, ती संपली की लगेच आणखी एक. आधीच दमलेल्या सर्व्हरवर हा दुहेरी मार! माझं मत विचाराल तर सर्व्हरकडून काही आणायचं असेल तेव्हा डोळे झाकून फिक्स्ड डिले घ्या. घड्याळाशी जुळलेलं काम असेल तरच फिक्स्ड रेट.

आणखी एक खोच, जिने भलेभले फसतात. जावाच्या या शेड्युलरमध्ये वारंवार होणाऱ्या कामात एकदा जरी न पकडलेला एरर आला, तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप बंद होतात. ना आवाज, ना मेसेज. चार दिवसांनी कळतं की डेटा जुनाच दिसतोय. त्यामुळे एरर कामाच्या आतच पकडायचा आणि नोंदवायचा.

फोनवर तर बॅटरीचं राज्य. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, डोझ नावाचा मोड आहे. फोन न हलवता, चार्जिंगला न लावता, स्क्रीन बंद करून ठेवला की तो अ‍ॅप्सची कामं मागे ढकलतो आणि मधूनमधून एकदम उरकतो. वर्कमॅनेजर वापरून वारंवारचं काम लावलं तर 15 मिनिटांपेक्षा कमी अंतर मिळतच नाही, आणि तेही अगदी काट्यावर नाही. मिनिटाला मिनिट जुळायला हवं तर एक्झॅक्ट अलार्म लागतो, आणि अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी वेगळी परवानगी आहे. रिमाइंडरचं अ‍ॅप उशिरा वाजत असेल तर सेटिंगमध्ये ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ आणि बॅटरीचे निर्बंध आधी तपासा.

हल्ली सिमकार्ड घातलेले मोबाइल स्टार्टर आलेत, घरबसल्या मोटार चालू-बंद करता येते. चालू करायला फोन वापरा, खुशाल. पण विहिरीतलं पाणी दोन तासांत उपसलं जात असेल, तर दोन तासांनी मोटार बंद करण्याचं काम फोनमधल्या अ‍ॅपवर सोडू नका. रेंज गेली किंवा फोन डोझमध्ये गेला तर मोटार कोरडी फिरून जळेल. तो टायमर स्टार्टरच्या पेटीतच लावा, आणि ड्राय रन प्रोटेक्शन आहे का तेही मेकॅनिकला विचारून घ्या.