मावशी, साखर कधी तपासली होती?

मैत्रिणींनो, कोरोनाचा विषय निघाला की आमच्या महिला मंडळात एक प्रश्न अजूनही हमखास येतो. एकाच घरात सासू, सून, नातू तिघंही पॉझिटिव्ह. नातवाला साधी शिंकही आली नाही. सून चार दिवसांत उठून भाकऱ्या थापायला लागली. सासूबाईंना मात्र ऑक्सिजन लागला. असं का? "ज्याचं त्याचं नशीब," असं म्हणून आपण गप्प बसतो. मला काही हे पटत नाही. थोडं नशीब असेलही, पण बरंचसं आधीपासून शरीरात दडून बसलेलं होतं, आणि ते मोजता येत होतं.

भारतातला कोरोनाचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये नोंदला गेला तो कलबुर्गीचा, म्हणजे आपल्या उमरग्याच्या शेजारचा जिल्हा. ७६ वर्षांचे गृहस्थ, रक्तदाब आणि दमा. दुसरा दिल्लीतल्या ६८ वर्षांच्या बाईंचा, त्यांना मधुमेह आणि रक्तदाब. बघा, पहिल्या दोन माणसांतच जवळजवळ सगळी यादी आली. पुढे जगभरच्या डॉक्टरांनी तिच्यात लठ्ठपणा, हृदयविकार, किडनीचे आजार, कॅन्सर यांची भर घातली, इतकंच.

लागण होणं वेगळं आणि अत्यवस्थ होणं वेगळं, हेही तेव्हा कळलं. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांतल्या लोकांचं रक्त तपासलं, तर झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांना लागण होऊन गेलेली, आणि इतर वस्तीत १६ जणांना. दाटीवाटीत रोग पसरणारच. पण लागणीच्या मानाने झोपडपट्टीत मृत्यू कमी होते. तिथली वस्ती तरुण, हे त्याचं एक कारण मानलं जातं. वय हा सगळ्यात मोठा धोका. त्याखालोखाल पुरुष असणं! बाया-पुरुषांना लागण जवळपास सारखीच होत होती, पण जगात बहुतेक ठिकाणी दगावले पुरुष जास्त.

"मग आपण सुटलो की," असं एक भाभी हसत म्हणाल्या होत्या. तेवढ्यावर सुटत नाही भाभी.

ब्रिटनमध्ये २०२० साली १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. वय, मधुमेह, अतिलठ्ठपणा, गरिबी हे धोके तर निघालेच, पण भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून तिथे गेलेल्या घराण्यांतल्या लोकांचा धोकाही गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला. त्यातला काही भाग कामाचा होता. दवाखान्यात, टॅक्सीवर, दुकानात राबणारे हेच, आणि एका घरात तीन पिढ्या राहणारेही हेच. पण काही भाग आपल्या अंगकाठीचाही असावा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे आठवतं. कोरोनाच्या कितीतरी आधी त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मापं घेतली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. पण आपल्या बाळात कमी पडतं ते मांस, चरबी मात्र टिकून. हेच मोठेपणीही. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि आपल्या इंग्रज मित्र डॉक्टरांचा फोटो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार. म्हणून आपल्याकडे जाडजूड नसलेल्या माणसालाही साखर होते. "मी कुठं जाड हाय?" हे उत्तर त्यामुळे पुरत नाही.

साखर कायम वाढलेली असली की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्यात ताप आला की साखर आणखी चढते. फुफ्फुसासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं तर त्याने आणखी. पोटावरची चरबी फुफ्फुसाला खालून दाबते, श्वास पुरा भरत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने राज्यात हजारो लोक आजारी पडले, कित्येकांचे डोळे गेले, त्यांच्यात मधुमेही किती होते ते आठवा. काहींना तर आपल्याला साखर आहे हे तेव्हाच कळलं.

आणि इथेच आपल्या बायकांचं दुखणं आहे. १५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा मी कळंब तालुक्यात आशाताईंबरोबर दारोदार फिरले. ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, घरात कुणाला जुना आजार आहे का विचारायचं. बाई घडाघडा सांगायची, "ह्यांना बीपी हाय, गोळी चालू हाय. मामंजींना दमा हाय." आणि मावशी, तुम्हाला? "मला काय झालंय? ठणठणीत हाय मी." साखर कधी तपासली होती? "बाळंतपणात तपासली आसंल." त्या बाळंतपणातल्या पोराला मिसरूड फुटलेली! आमच्या कागदावर त्या मावशीपुढे 'आजार नाही' असं पडायचं. खरं तर 'तपासलं नाही' असा एक रकाना हवा होता.

या कोऱ्या रकान्याचा परिणाम पुढे दिसला. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. ४५ ते ५९ वयातल्यांना मात्र वीस आजारांपैकी काही असेल तरच, आणि तेही डॉक्टरांचा दाखला दाखवून. ज्या बाईने कधी दवाखान्याची पायरीच चढली नाही, ती दाखला कुठून आणणार? १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. पण तोवर दुसरी लाट दारात आली होती. गरोदर बायांचं तर आणखी उशिरा, २ जुलै २०२१ ला. खरं तर गरोदरपणात हा आजार जड जाण्याची शक्यता जास्त.

आता तो काळ सरला. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं सांगितलं. विषाणू आहेच, पण लस आणि होऊन गेलेली लागण यामुळे बहुतेकांना सर्दी-तापावर भागतं. म्हातारी माणसं, किडनीचे-कॅन्सरचे रुग्ण यांना अजूनही जपावं लागतं. साखर, रक्तदाब मात्र कुठे गेले? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज १० कोटींवर मधुमेही आणि साधारण १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे असा आहे.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडिलांना साखर-बीपी होतं का, आणि कमरेचा घेर. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की गुण वाढतात, एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवतात. साडीच्या निऱ्यांवरून टेप लावू देऊ नका, बरं का! मिश्री लावत असाल तर तंबाखूच्या रकान्यात तेही सांगायचं, सासूबाई समोर बसल्या असल्या तरी. चूल की गॅस, हेही विचारतात, कारण धुराने छाती खराब होते.

तपासणी उपकेंद्रात फुकट होते. शक्य असेल तर सकाळी उपाशीपोटी जा, चहा परत आल्यावर घ्या. उपाशीपोटीचा साखरेचा आकडा शंभराच्या आत असला तर छान. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवायचं. रक्तदाब १४०-९० किंवा त्याच्या वर दिसला तरी तसंच. आणि तो कागद ह्यांच्या फायलीत नको, वेगळ्या पिशवीत ठेवा, वरती स्वतःचं नाव लिहून.