मोजणीबाहेरचे कारागीर

लखनौच्या चौकात चिकनकारीच्या नावाने विकला जाणारा कुर्ता हाताने भरलेला असेलच, याची खात्री आज जुने गिऱ्हाईकही देऊ शकत नाही. यंत्रावर भरतकाम केलेले चिनी कापड बाजारात शिरले आहे. सुरतेच्या यंत्रांचा मालही त्याच्या जोडीला आहेच, त्यामुळे सारा दोष आयातीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. हाताने काढलेले मुर्री व फंद्याचे दाणे कधी तंतोतंत सारखे येत नाहीत. मात्र भावातील तफावत एवढी असते की कापड निरखण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

हाताचा एक कुर्ता तयार होताना कापडावर ठशांनी कच्च्या निळीची नक्षी उमटवली जाते, काकोरी-मलिहाबादकडच्या गावांतील स्त्रिया ती घरी बसून भरतात आणि शेवटी धोबी ती निळी रेघ धुऊन काढतो. आयात कापड ही सगळी साखळी वगळून थेट दुकानात येते.

या स्त्रियांचे नुकसान सरकारी आकड्यांत मात्र उमटत नाही. उद्योगांची वार्षिक पाहणी प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांची असते: विजेवर चालणारे दहा कामगारांचे, विजेविना वीसांचे. घरचा ओटा त्यात बसत नाही. श्रमबलाच्या पाहणीत, चालू साप्ताहिक निकषानुसार, आठवड्यात एका दिवशी तासभर काम केलेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते. पूर्वी महिनाभर पुरणारे काम आठवड्यावर आले, तरी तुकड्यावर मजुरी घेणारी बाई कागदोपत्री बेरोजगार होत नाही. प्रशासनात आयुष्य काढल्यावर मला एवढे कळले आहे की, तक्त्यात ज्याला रकाना नाही, त्याच्यासाठी सहसा तरतूदही होत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे विल्यम होई आठवतो. उत्तर भारताच्या व्यापार-उद्योगांवरचा त्याचा ग्रंथ 1880 मध्ये लखनौतूनच निघाला. कर आकारणीच्या निमित्ताने का होईना, या अधिकाऱ्याने एकेका धंद्याची स्वतंत्र नोंद केली. पुढे दोनच वर्षांत सरकारने विलायती कापडावरील आयात शुल्क काढून टाकले.

आजचे उपाय अपुरे आहेत. लखनवी चिकनला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते, नक्षीचे नव्हे. सरसकट शुल्कवाढीचीही दुसरी बाजू आहे. 2011 च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील शुल्क 30 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले, तेव्हा बनारसच्या विणकराचे सूत स्वस्त होणार होते आणि कर्नाटकातील रेशीम उत्पादक शेतकऱ्याच्या पोटावर पाय येणार होता. 2013 मध्ये ते 15 टक्के झाले. एका कारागिराचे संरक्षण हा दुसऱ्याचा खर्च असतो.

राहिला प्रतिपाटन शुल्काचा मार्ग. नुसते स्वस्त म्हणजे पाटन नव्हे. मायदेशातील भावापेक्षा कमी दराने माल पाठवला जातो हे, तसेच देशी उद्योगाची हानीही, सिद्ध करावी लागते. 1995 च्या नियमांनुसार अर्जाला देशांतर्गत उत्पादनाच्या किमान 25 टक्क्यांचा पाठिंबा हवा. गावोगाव विखुरलेल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांचे 25 टक्के कोण आणि कसे मोजणार? त्याच नियमांत अर्जाविना, स्वतःहून चौकशी सुरू करण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. पण तीही पुरेशा पुराव्यावरच, आणि हानीचा पुरावा गोळा करायला कोणाला तरी काकोरीच्या ओट्यापर्यंत जावे लागेल.