विश्लेषण : घटस्फोट झाला, पण कागद कुठे आहे? पुण्यात हुकूमनाम्याची प्रत कशी मिळवायची?

घटस्फोट होऊन दहा-बारा वर्षे झालेली असतात. त्या वेळची फाइल माळ्यावर कुठेतरी असते, किंवा वकिलांकडेच राहिलेली असते. मग दुसऱ्या लग्नाची नोंदणी, परदेशाचा व्हिसा किंवा वारसाहक्काचे काम निघते आणि खिडकीपलीकडून विचारणा होते, ‘घटस्फोटाचा दाखला आणलाय का?’ घरात सापडते ती पुसट झेरॉक्स, आणि ती चालत नाही. असा दाखला नेमका कोण देते, जुने प्रकरण कसे शोधायचे आणि प्रत मिळवण्यासाठी काय करावे लागते, याचा हा आढावा.

‘घटस्फोटाचा दाखला’ असा काही कागद असतो का?

बहुतेकांची पहिली चक्कर इथेच वाया जाते. जन्म, मृत्यू आणि विवाहाची नोंद महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते, म्हणून घटस्फोटाचीही तिथेच असेल असे वाटते. मात्र, घटस्फोटाच्या नोंदीची अशी सार्वजनिक वही आपल्याकडे नाही. न्यायालयाने दिलेला हुकूमनामा, म्हणजे डिक्री, हीच घटस्फोटाची नोंद आणि हाच पुरावा. तो ज्या न्यायालयाने दिला, त्याच न्यायालयाकडून त्याची प्रमाणित प्रत मिळते.

याला एक जुना अपवाद पारशी समाजाचा आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ नुसार न्यायालयाने हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि निबंधकाने ती वेगळ्या वहीत नोंदवायची, अशी तरतूद आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये अशी सोय नाही. त्यामुळे कागद जपण्याची जबाबदारी पक्षकारांवरच येते.

निकालपत्र आणि हुकूमनामा यांत फरक काय?

निकालपत्रात न्यायाधीशांनी निष्कर्ष का काढला, याची कारणे असतात. एकतर्फी मागणीच्या प्रकरणात आरोप-प्रत्यारोप, साक्षी आणि खासगी तपशीलही त्यात येतात. हुकूमनामा छोटा असतो. त्यात पक्षकारांची नावे, प्रकरण क्रमांक, विवाहाचा तपशील आणि अमुक तारखेपासून विवाह संपुष्टात आला, एवढा आदेश असतो. परस्पर संमतीच्या प्रकरणात संमतीच्या अटीही त्याला जोडलेल्या असू शकतात.

अर्ज करताना दोन्ही मागावेत, पण प्रत्येक कार्यालयात दोन्ही देण्याची गरज नसते. विवाह झाला होता आणि तो संपला, एवढेच सिद्ध करायचे असेल तर हुकूमनामा सहसा पुरतो. संसारातल्या भांडणांचा तपशील अनोळखी टेबलांवर फिरावा की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

प्रकरण कोणत्या न्यायालयात चालले, हे कसे ठरवायचे?

कुटुंब न्यायालय कायदा १९८४ मध्ये झाला आणि पुण्यात कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले. २०१७ पासून ते शिवाजीनगर येथील स्वतंत्र इमारतीत आहे. जिल्हा न्यायालयाचे मेट्रो स्थानक तिथून जवळच आहे. १९८९ च्या आधी शहरातली अशी प्रकरणे शिवाजीनगरच्या जिल्हा व दिवाणी न्यायालयांत चालत. म्हणून आई-वडिलांच्या पिढीतला कागद शोधणाऱ्यांनी तिथल्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, चौकशी करावी. बारामतीसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालयाऐवजी दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, ही प्रकरणे ऐकते.

लग्न पुण्यात झाले म्हणून खटलाही पुण्यातच चालला, असे गृहीत धरू नये. लग्न जिथे झाले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा ज्याच्याविरुद्ध याचिका आहे तो जिथे राहतो, अशा ठिकाणी याचिका दाखल करता येते. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती स्वतः राहते तिथेही दाद मागता येते. त्यामुळे पुण्यातल्या कार्यालयात झालेल्या लग्नाचा हुकूमनामा सोलापूर किंवा नाशिकच्या न्यायालयात असू शकतो.

निकालाविरुद्ध अपील झाले असेल, तर उच्च न्यायालयाचा अंतिम आदेशही घ्यावा लागतो. काही मोजक्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली थेट विवाह संपुष्टात आणते. अशा वेळी मूळ आदेश दिल्लीत असतो.

प्रकरण क्रमांक माहीत नसेल तर?

नक्कल विभागात पहिला प्रश्न क्रमांकाचाच येतो. तो नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणाला तिथे १६ अक्षर-अंकांचा ‘सीएनआर’ क्रमांक असतो. तो हाताशी असेल तर एका फटक्यात माहिती मिळते. नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून शोधता येते. या शोधात चार ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली, जिल्हा. यादीत ‘पुणे’ निवडले की जिल्हा न्यायालयाची प्रकरणे दिसतात. कौटुंबिक न्यायालयांसाठी त्याच यादीत ‘महाराष्ट्र फॅमिली कोर्ट्स’ अशी वेगळी नोंद आहे. ती निवडून मग पुणे गाठायचे.

दुसरी, प्रकरणाची स्थिती. ‘पेंडिंग’वर खूण असेल तर निकाली निघालेले प्रकरण दिसणारच नाही. ‘डिस्पोज्ड’ किंवा ‘बोथ’ निवडावे.

तिसरी, स्पेलिंग. संगणक अक्षरे जुळवतो, उच्चार नाही. नाव इंग्रजीत नोंदवताना एखादे ‘ए’ किंवा ‘एच’ जास्त पडले असेल तर पूर्ण नावाने काही सापडत नाही. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकून यादी काढणे सोपे पडते. पत्नीचे नाव माहेरच्या आणि सासरच्या, अशा दोन्ही आडनावांनी पाहावे.

चौथी, वर्ष. तिथे प्रकरणाच्या नोंदणीचे वर्ष लागते, निकालाचे नाही. निकाल २०१४ चा असेल तर २०१३, २०१२ अशी मागची वर्षे तपासावी लागतात.

कौटुंबिक न्यायालयात याचिकांच्या प्रकारांना इंग्रजी अक्षरे असतात. घटस्फोटाच्या सर्वसाधारण याचिकेला ‘ए’, तर परस्पर संमतीच्या याचिकेला ‘एफ’ असे अक्षर दिसते. जुन्या पावतीवर नुसते ‘पी. ए.’ आणि पुढे आकडा व वर्ष दिसले, तर तोच प्रकरण क्रमांक समजावा.

संकेतस्थळावर तारखा आणि प्रकरणाची स्थिती कळते. वैवाहिक प्रकरणांतले आदेश मात्र सहसा सर्वांसाठी खुले नसतात. शिवाय तिथून घेतलेली छापील प्रत म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. संगणकीकरणाच्या आधीची प्रकरणे तिथे नसण्याची शक्यता मोठी आहे. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले असून, जुन्या अभिलेखांचे डिजिटायझेशन हा त्यातला मोठा भाग आहे. तोपर्यंत जुन्या प्रकरणासाठी न्यायालयातील नोंदवह्यांचाच आधार घ्यावा लागतो. त्यासाठी दोघांची पूर्ण नावे, निकालाचे अंदाजे वर्ष आणि वकिलांचे नाव एवढे तरी सोबत न्यावे.

प्रतीसाठी अर्ज कसा करायचा?

प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद लिहून नक्कल विभागात अर्ज करायचा. त्याला कोर्ट फी तिकीट लागते आणि पानांनुसार नकलेचे शुल्क भरावे लागते. पक्षकार स्वतः ओळखपत्र घेऊन अर्ज करू शकतो, त्यासाठी नवा वकील नेमलाच पाहिजे असे नाही. परदेशात असलेल्यांनी मुखत्यारपत्र देऊन नातेवाइकांना किंवा वकालतनामा देऊन वकिलांना काम सोपवावे. फाइल अभिलेख कक्षात गेली असेल तर ती मागवण्यात वेळ जातो, म्हणून विवाह नोंदणीची किंवा व्हिसाची तारीख घेण्याआधी हा अर्ज करावा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा दिल्यावर न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची असते, हे अनेकांना माहीत नसते. ही पहिली प्रत बहुतेक वेळा वकिलांच्या फाइलला लागते आणि तिथेच राहते. पुढच्या प्रतींसाठी शुल्क पडते. एकदा अर्ज करतोच आहोत तर दोन-तीन प्रती घेऊन ठेवाव्यात.

प्रत हातात आल्यावर काय तपासायचे?

प्रत्येक पान, न्यायालयाचा शिक्का, ‘खरी प्रत’ असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही पाहावी. प्रतीवर अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि ती दिल्याची तारीख असते. अपील करायचे असल्यास प्रत मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून या तारखांना महत्त्व आहे.

त्यानंतर नावांची स्पेलिंग, विवाहाची तारीख आणि निकालाची तारीख पासपोर्ट-आधारशी ताडून पाहावी. लिहिण्यातली चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच न्यायालयाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. परदेशी वकिलातीच्या खिडकीवर ही चूक लक्षात येण्यापेक्षा शिवाजीनगरला लक्षात आलेली बरी.

लगेच दुसरे लग्न करता येते का?

अपिलाचा हक्क असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. हिंदू विवाह कायद्यात ही मुदत ९० दिवसांची आहे. परस्पर संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध कुटुंब न्यायालय कायद्यानुसार अपील नाही. अपील झाले नसल्याची खात्री पटवणारा वेगळा कागद काही परदेशी कार्यालये मागतात. तसे असेल तर नकलेच्या अर्जासोबतच त्याची चौकशी करावी.

पासपोर्टबाबतही गैरसमज आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे केले. विभक्त किंवा घटस्फोटित अर्जदाराला जोडीदाराचे नाव देण्याची आणि त्यासाठी हुकूमनामा जोडण्याची सक्ती तेव्हा काढण्यात आली. मात्र, पासपोर्टवरचे सासरचे आडनाव बदलायचे असेल तर कागदोपत्री पुरावा लागतो.

दुसऱ्या कुणाला ही कागदपत्रे मिळू शकतात का?

लग्न ठरवताना समोरच्याच्या घटस्फोटाची खात्री करावी, असे मुला-मुलीच्या घरच्यांना वाटणे साहजिक आहे. मात्र, त्रयस्थाला ही प्रत सहज मिळत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशी सुनावणी बंद दालनात होते आणि तिचा मजकूर छापणे हा दंडनीय गुन्हा आहे. त्रयस्थाला कारण देऊन, प्रतिज्ञापत्रासह न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो आणि परवानगी मिळेलच असे नसते.

माहिती अधिकाराचा मार्गही इथे चालत नाही. न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा सरळ उपाय एकच : समोरच्या व्यक्तीकडेच प्रमाणित प्रत मागणे. ‘कागद नंतर देतो’ असे उत्तर आले, तर तारीख ठरवण्याची घाई करू नये. आधीचा विवाह कायद्याने संपलेला नसेल, तर दुसरा विवाह रद्दबातल ठरतो.

स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीचे काय?

नोटरीसमोर दोघांनी सह्या केलेला फारकतनामा अनेक घरांत जपून ठेवलेला असतो. हिंदू विवाह कायद्याखाली तेवढ्याने घटस्फोट होत नाही. काही समाजांतल्या काडीमोडीच्या रूढीला कायद्याच्या कलम २९(२) मध्ये संरक्षण आहे, पण वाद झाल्यास ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. अशा प्रकरणी न्यायालयात शोधण्यासारखा कागदच नसतो. त्यामुळे शोधाशोध करण्यापेक्षा वकिलांचा सल्ला घेणे योग्य.

घटस्फोट परदेशात झाला असेल तर?

पुण्यातल्या अनेक कुटुंबांसाठी हा नेहमीचा प्रश्न झाला आहे. अमेरिकेत घटस्फोटाची कागदपत्रे ज्या काउंटीच्या न्यायालयात प्रकरण चालले, तिथल्या क्लर्ककडे असतात. प्रमाणित प्रत तिथूनच मागवावी आणि त्या राज्याकडून तिच्यावर अपोस्टिल करून घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. तरीही प्रत अस्सल असणे आणि तो निकाल भारतात मान्य होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा पक्ष हजर नसताना किंवा भारतीय कायद्यात नसलेल्या कारणावरून दिलेला निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोटीवर अडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे निकष स्पष्ट केले आहेत.

आजच काय करून ठेवावे?

निकालपत्रे आणि हुकूमनामे न्यायालये बाकी कागदांपेक्षा जास्त काळ जपतात. इतर कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. म्हणून प्रकरणात दाखल केलेली मूळ कागदपत्रे, उदाहरणार्थ विवाह नोंदणीचा दाखला, अपिलाची मुदत संपल्यावर अर्ज करून परत घ्यावीत. न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, सीएनआर क्रमांक आणि निकालाची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी, आणि प्रमाणित प्रतीची प्रत्येक पान दिसेल अशी स्कॅन प्रत जपावी. मूळ प्रत हरवली तरी चालते, ती पुन्हा मिळते. क्रमांक हरवला, तर मात्र शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.