पाय चेपण्याची फी

रिफ्लेक्सॉलॉजीच्या एका बैठकीचा दर ऐकला की घरातले ज्येष्ठ हमखास विचारतात, ‘‘पाय चेपायला एवढे पैसे?’’ त्यांचे आश्चर्य समजण्यासारखे आहे. पाय चेपणे हे नातवंडांचे काम, आणि त्याचा मोबदला म्हणजे एखादी गोष्ट किंवा खाऊला चार आणे. काशाच्या वाटीने तळपाय घासून देणारी बाई घरी येई, तिला पैसे दिले जात. पण त्याला कोणी फी म्हणत नसे. ती मजुरी. फी हा शब्द डॉक्टर, वकील, शिकवणीचे मास्तर यांच्यासाठी राखलेला. आता तळपायावर अंगठ्याने दाब देणारी व्यक्ती ‘थेरपिस्ट’ आहे, तिच्या दारावर पाटी आहे, वेळ आधी घ्यावी लागते आणि निघताना फी मोजावी लागते. मजुरीची फी झाली ती कशाच्या बळावर?

आधी व्यावसायिकाची बाजू ऐकून घेऊ, कारण तिच्यात तथ्य आहे. एक बैठक पाऊण ते एक तासाची असते. एका वेळी एकच माणूस. हे काम यंत्रावर टाकता येत नाही, दोघांचे एकदम करता येत नाही. समजा, एका केंद्रात बैठकीचे ८०० रुपये घेतात आणि दिवसाला सरासरी तीन बैठका होतात. महिन्याचे २४ दिवस धरले तर ५७,६०० रुपये जमा होतात. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज, तेल, टॉवेलांची धुलाई, दारातल्या मुलीचा पगार आणि ज्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे त्याची फेडायची फी वजा करा. हातात उरते ते एखाद्या साध्या नोकरीइतकेच. वेळ ठरवून न येणारे आणि ‘‘ओळखीतलेच आहोत, जरा पाय बघ ना’’ म्हणणारे वेगळेच. शिवाय वर्षानुवर्षे अंगठ्याने दाब देणाऱ्याचा स्वतःचा अंगठा कामातून जातो. अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा दुखू लागला की धंद्याचे हत्यारच बोथट होते. या श्रमाचे पैसे मागू नयेत, असे कोणी म्हणू नये.

आपल्याकडे मात्र बरे करणाऱ्याने पैसे घेऊ नयेत अशी एक जुनी समजूत आहे. हाड बसवणारे, कावीळ उतरवणारे, विंचू-सापाचे मंत्र घालणारे पुष्कळ जण पैशाला हात लावत नाहीत; घेतले तर विद्या जाते म्हणतात. लोकांना यात सचोटी दिसते. पण सर्पदंशाचा रुग्ण मांत्रिकाच्या ओट्यावर दोन तास घालवून रुग्णालयात येतो तेव्हा ते दोन तास फुकट मिळाले होते, याने त्याच्या श्वासाच्या स्नायूंना काही फरक पडत नाही. पैसे घेतले की नाही, यावरून उपचार खरा की खोटा हे ठरत नाही.

फी देणाऱ्याला दुसरी एक गोष्ट मिळते, आणि ती वैद्यकीय व्यवसायाने नाकारून चालणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत दीड तास उभे राहिलेल्या बाईला डॉक्टरसमोर दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात साखर, रक्तदाब आणि गोळ्या बोलून होतात. झोप लागत नाही हे सांगायचे राहून जाते. रिफ्लेक्सॉलॉजीच्या खोलीत तिला तासभर कोणीतरी ऐकते, गरम टॉवेलात पाय गुंडाळते, घाई करत नाही. संथ, लयीत दिलेल्या दाबाने शरीर सैलावते, नाडी मंदावते, रात्री झोप बरी लागते. हे खरे आहे. नीट केलेल्या साध्या पायाच्या मसाजनेही ते होते, हे तितकेच खरे आहे.

पैशाचा स्वतःचाही एक गुण असतो. २००८ साली अमेरिकेत ८२ निरोगी स्वयंसेवकांवर एक गमतीदार प्रयोग झाला. त्यांना विजेचे हलके झटके देण्यात आले आणि एक ‘नवी वेदनाशामक गोळी’ खायला दिली. गोळीत औषध नव्हतेच. निम्म्या लोकांना गोळीची किंमत अडीच डॉलर सांगितली, उरलेल्यांना ती सवलतीत दहा सेंटला मिळते असे सांगितले. महाग गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना दुखणे कमी वाटले. स्वस्त गोळीच्या गटात हेच प्रमाण ६१ टक्के होते. म्हणजे मोजलेली फी हीसुद्धा थोडे दुखणे ओढते. डॉक्टरांच्या फीलाही हे लागू आहे, आणि डॉक्टरांना ते चांगले ठाऊक असते.

वादाचा मुद्दा पुढचा आहे. व्यावसायिक फी मागताना वेळ आणि श्रम यांच्याबरोबर एक ज्ञानही विकले जाते: तळपायावर सगळ्या शरीराचा नकाशा आहे, टाचेच्या वर अमुक ठिकाणी मूत्रपिंड, अंगठ्याच्या टोकाशी मेंदू, आणि तिथे दाबले की तो अवयव सुधारतो. हा नकाशा प्राचीन भारतातून किंवा चीनमधून आला असे सांगितले जाते. आज दवाखान्यांत टांगलेल्या तक्त्याचा इतिहास बराच अलीकडचा आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे विल्यम फिट्झगेराल्ड नावाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पडतात आणि पट्ट्याच्या एका टोकाला दाबले की त्याच पट्ट्यात दुसरीकडे वेदना बोथट होते, असे त्यांचे मत होते. ते रुग्णांच्या बोटांना रबरबँड आणि चिमटे लावत. त्यांचे पुस्तक १९१७ चे. पुढे युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे पट्टे तळपायावर आणून त्यात एकेक अवयव बसवला. त्यांचे पुस्तक १९३८ साली आले. आपल्याकडचे पादाभ्यंग त्याहून कितीतरी जुने, पण त्यात तळपायावर यकृत शोधायला कोणी सांगितलेले नाही.

शरीररचनाशास्त्र या नकाशाला दुजोरा देत नाही. तळपायाची संवेदना टिबियल मज्जातंतूच्या शाखांतून पाठीच्या कण्याच्या खालच्या भागाशी जोडलेल्या मज्जातंतूंत जाते. यकृताला आणि जठराला जाणाऱ्या नसा वेगळ्या वाटेने येतात. पायाच्या ठरावीक बिंदूपासून ठरावीक अवयवाकडे जाणारी वायर शवविच्छेदनात कधी सापडलेली नाही. ‘इथे खडे लागतात, म्हणजे किडनीत दोष आहे’ हे तर प्रत्यक्ष तपासूनच पाहता येते, आणि तसे पाहिलेही गेले आहे. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ठरावीक आजारांपैकी एक वा अधिक असलेल्या १८ प्रौढांचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टनी आजार माहीत नसताना तपासले. आजार ओळखता आले नाहीत, आणि दोघांचे आपसातही जुळले नाही.

उपचाराचे काय? एक्झिटर विद्यापीठाचे एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ चाचण्यांचा आढावा घेतला. कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचे त्यातून पटण्याजोगे सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑस्ट्रेलियाने तर हिशेब थेट पैशात मांडला. तिथल्या सरकारने नैसर्गिक उपचारांच्या पुराव्यांची छाननी करवली आणि १ एप्रिल २०१९ पासून रिफ्लेक्सॉलॉजीसह १६ उपचारपद्धती खासगी आरोग्यविम्याच्या सरकारी सवलतीतून वगळल्या. ज्याला हवे त्याने स्वतःच्या खिशातून खुशाल घ्यावे, असा त्याचा अर्थ.

फीच्या प्रश्नाच्या सर्वात जवळ जाणारी चाचणी मात्र वेगळीच आहे. अमेरिकेत स्तनाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात असलेल्या २५६ स्त्रियांवर ती झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका गटातील स्त्रियांच्या नवऱ्याला, मुलीला, मैत्रिणीला पाय कसे दाबायचे ते शिकवले आणि चार आठवडे आठवड्यातून निदान एकदा घरीच दाबायला सांगितले. त्या स्त्रियांना लक्षणांचा त्रास कमी जाणवला. रोग त्याने हटला असा दावा कोणी केला नाही. तुलनेच्या गटात साधा मसाज नव्हता, त्यामुळे नकाशाचा वाटा किती आणि मायेच्या हाताचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. पण पाय चेपून मिळणारा हा आराम द्यायला प्रमाणपत्रधारक हात लागत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. ज्येष्ठांचा सुरुवातीचा प्रश्न तसा अगदीच अडाणीपणाचा नव्हता.

‘व्यावसायिक’ या शब्दाला कायद्याचीही एक बाजू आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी राज्य वैद्यक परिषदेकडे होते, फिजिओथेरपिस्टसाठी वेगळी परिषद आहे, सुयांनी केल्या जाणाऱ्या ॲक्युपंक्चरसाठीही २०१५ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. रिफ्लेक्सॉलॉजीला अशी परिषद नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या शिबिराचे आणि वर्षभराच्या वर्गाचे प्रमाणपत्र एकाच आकाराच्या चौकटीत लागते आणि ग्राहकाला फरक कळत नाही. चूक झाली तर नाव कमी करायला नोंदवहीच नाही. जीएसटीचा नियम यात अनवधानाने बरेच सांगून जातो. मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या उपचारांना त्या करातून सूट आहे. सलून, स्पा, शरीरस्वास्थ्याच्या सेवांना, उलाढाल मर्यादेबाहेर गेली की, तो लागतो. पैसे देऊन घेतलेल्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा साधारणपणे लागू होतो, म्हणून पावती मागून घ्यावी. पावती द्यायला का-कू करणाऱ्याकडे पुन्हा जाण्यात अर्थ नाही.

एका बैठकीच्या फीने कोणाचे दिवाळे निघत नाही. चिंता आहे ती ‘कोर्स’ची. वीस बैठकांचे पैसे आगाऊ, त्यावर सवलत, आणि ‘शुगर नॉर्मलला येईल, गोळ्या हळूहळू बंद करू’ हे आश्वासन. इथे आरामाची फी संपते आणि रोग बरा करण्याची फी सुरू होते. तिला आधार नाही. इन्सुलिन थांबवलेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी धापा टाकत, उलट्या करत अतिदक्षता विभागात येऊ शकतो. तिथे लागणारा खर्च वीस बैठकांच्या कित्येक पट असतो.

दुसरा धोका थेट पायाचाच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू जाते, आणि बहुतेकांना ती गेल्याचे कळतही नाही. अशा पायावर लाकडी ‘जिमी’ने दाब दिला, कातडी सोलवटली, तर दुखत नाही. बैठकीआधी पाय बुडवायला दिलेले पाणी किती गरम आहे हेही समजत नाही. फोड येतो, चिघळतो, आणि माणूस पंधरा दिवसांनी मोज्याला वास आला म्हणून डॉक्टरकडे जातो. काहींचे बोट जाते, काहींचा पाय. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे रगडणे म्हणजे गुठळी फुप्फुसाकडे धाडण्याचा धोका. पायाला जखम, बुरशी किंवा नुकतेच मोडलेले हाड असेल तरी बैठक पुढे ढकलावी.

चांगला रिफ्लेक्सॉलॉजिस्ट पायाला हात लावण्याआधी हे सगळे विचारतो, आणि नको असेल तिथे ‘आज करत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा’ म्हणून त्या दिवसाच्या ८०० रुपयांवर पाणी सोडतो. अशी माणसे या व्यवसायात आहेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जाण्याआधी पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून तो जाणवतो का एवढेच त्यात विचारतात. दोन-चार मिनिटांचे काम आहे, दुखत नाही, आणि जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मधुमेह ओपीडीत केसपेपर काढून त्याची चौकशी करता येते.