बुटाच्या एका जोडीची गोष्ट

मे महिन्याची सुटी होती. नागपूरहून गाडीने दुर्गला उतरून मी भिलाईला ताईच्या क्वार्टरवर पोहोचले, तेव्हा घरात वाद रंगला होता. सातवीतल्या भाच्याला रात्री मारधाडीचा इंग्रजी चित्रपट पाहायचा होता. मोटारी उडणार, इमारती कोसळणार, नायक विमानातून उडी मारणार! ताईने मात्र ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ हा इराणी चित्रपट काढून ठेवला होता.

‘‘यात काय होतं?’’ भाच्याने विचारले.

‘‘बहिणीचे बूट हरवतात.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग ते शोधायचे.’’

त्याने कपाळावर हात मारला. ‘‘मावशी, तूच सांग ना हिला! खाली लिहिलेलं वाचत बसायचं, तर शाळा काय वाईट?’’

शेवटी अर्धा तास पाहायचे आणि नाही आवडला तर बंद करायचा, असा तह झाला.

पडद्यावरचे ओळखीचे घर

माजिद माजिदी यांचा हा चित्रपट १९९७ सालचा. तेहरानमधला अली लहान बहिणीचे, झाहराचे, दुरुस्त केलेले बूट घरी आणताना हरवून बसतो. घरभाडे थकलेले, आई आजारी. वडिलांना सांगायचे कोणत्या तोंडाने? मुलींची शाळा सकाळी, मुलांची दुपारी. म्हणून भावाचेच बूट दोघांनी आळीपाळीने वापरायचे ठरते. झाहरा शाळा सुटताच धावत गल्लीत येते, बूट काढून देते आणि अली ते घालून शाळेकडे धूम ठोकतो. गोष्ट एवढीच.

पण झाहराच्या पायातून निसटलेला बूट गटाराच्या पाण्यातून वाहत जाऊ लागला आणि भाचा पाट सोडून पुढे सरकला. पुढे शाळांच्या धावण्याच्या शर्यतीत तिसऱ्या बक्षिसाला बूट आहेत असे कळल्यावर अली धावायला उभा राहतो. आमचा पठ्ठ्या ओरडत होता, ‘‘अरे, जोरात नको, तिसरा ये!’’ अर्ध्या तासाचा तह कधीच विसरला गेला होता. शेवट काय होतो ते इथे सांगत नाही; तो पाहायलाच हवा.

त्याच साली ‘टायटॅनिक’ आला. त्यावर सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले आणि त्याने ११ ऑस्कर पटकावली. तो चित्रपट वाईट मुळीच नव्हे. पण बुडणारे जहाज आपण दुरून पाहतो. हरवलेला बूट आपल्या घरातला असतो. अशा छोट्या चित्रपटांची मोहिनी हीच आहे. माजिदींनी प्रमुख भूमिकांसाठी नावाजलेली बालनटमंडळी न घेता साधी शाळकरी मुले निवडली आणि खऱ्याखुऱ्या गल्ल्यांत चित्रीकरण केले. कुठे रडायचे हे संगीत ओरडून सांगत नाही. ते आपले आपल्यालाच कळते.

नायक कारखान्यातला

जेवताना भाऊजींनी आठवण काढली ती ‘बायसिकल थीव्हज’ची. भाऊजी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे या चित्रपटाचा त्यांना विशेष अभिमान. इटलीच्या व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ साली तो काढला. महायुद्धानंतरच्या रोममध्ये एका बेकाराला कसेबसे काम मिळते, पण त्यासाठी लागणारी सायकलच चोरीला जाते. बापलेक दिवसभर ती शोधत फिरतात. अमेरिकेतला एक बडा निर्माता पैसे द्यायला तयार होता; मात्र नायक म्हणून हॉलिवूडचा कॅरी ग्रँट हवा, ही त्याची अट. दे सिकांनी नकार दिला आणि कारखान्यातला एक खरा कामगार, लाम्बेर्तो माज्जोरानी, नायक म्हणून उभा केला.

सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनला हा चित्रपट पाहिला आणि ‘पथेर पांचाली’ अशाच रीतीने, खऱ्या जागी आणि बिननटांना घेऊन काढायचा निश्चय पक्का केला. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला.

‘‘त्या माज्जोरानीचं पुढे काय झालं?’’ भाच्याने विचारले.

‘‘कारखान्याने त्याला कामावरून कमी केलं,’’ भाऊजी म्हणाले. ताटातला घास क्षणभर तसाच राहिला.

भिलाईचा नत्था

‘‘लांब कशाला जायचं? नत्था तर आपल्या भिलाईचाच,’’ ताई म्हणाली.

खरेच की! ‘पीपली लाइव्ह’मधला कर्जबाजारी शेतकरी नत्था साकारणारे ओंकारदास माणिकपुरी हे भिलाईचे. हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मध्ये ते घडले. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट दाखल झाला. तिथल्या प्रेक्षकांसाठी आपली भाषा परकी होती, तेही खालच्या ओळी वाचत होते. आपण तेहरानच्या अलीकडे जसे पाहिले, तसेच त्यांनी भिलाईच्या या माणसाकडे पाहिले.

अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) हाही तसाच. त्याचे चित्रीकरण दल्ली-राजहराच्या परिसरात झाले. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारा तोच हा डोंगराळ भाग. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

मुलांसोबत पाहताना

परदेशी म्हणून प्रत्येक छोटा चित्रपट चांगलाच असतो असे नाही. काही फार कंटाळवाणेही असतात. सुरुवात मुलांच्या वयाच्या गोष्टींपासून करा. वाचनाचा वेग कमी असेल तर पहिली दहा मिनिटे मोठ्यांनी ओळी वाचून दाखवाव्यात. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि चित्रपट संपला की लगेच ‘यातून काय शिकलास?’ असे विचारू नका. मुले आपणहून बोलतात. इराण म्हटले की बातम्यांतले युद्ध आठवणाऱ्या मुलाला तिथेही थकलेले भाडे, आजारी आई आणि धावणारी बहीण असते हे कळले, तर एका संध्याकाळची ती कमाई थोडी नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘मावशी, आज तो सायकलवाला लावायचा?’’